११ टेराबाइट फोटो आणि हाताशी दीड लाख: आधी काय घ्यावे?

इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो. सांगलीत आपला फोटो स्टुडिओ आहे. २००९ पासूनची लग्ने, मुंजी, बारशी आणि डोहाळजेवणे मिळून सुमारे ११ टेराबाइट फोटो एक आणि दोन टेराबाइटच्या आठ पोर्टेबल डिस्कवर विखुरलेले आहेत आणि त्यांतली एक डिस्क गेल्या महिन्यापासून कधी दिसते, कधी दिसत नाही. संगणक २०१८ चा असून त्यात १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आहे. लाइटरूम क्लासिक या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग, म्हणजे फोटोंच्या आणि त्यांवरच्या कामाच्या नोंदींची फाइल, आपण त्या त्या वर्षाच्या पोर्टेबल डिस्कवरच ठेवता आणि एका फोटोवरून दुसऱ्यावर जाताना तीन-चार सेकंद थांबावे लागते. धाकटे बंधू दुसऱ्या संगणकावर बसतात. हाताशी दीड लाख रुपये आहेत. नवा संगणक घ्यावा, चार डिस्कचा नॅस (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) घेऊन त्यावर रेड ५ (एक डिस्क गेली तरी चालेल अशी डिस्कांची जोडणी) करावे, की जुना संग्रह सगळाच एसएसडीवर हलवावा, असे तीन पर्याय आपण मांडले आहेत.

माझे उत्तर असे की या तिन्हींपैकी काहीही आज घेऊ नका. वेग आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या खरेद्या आहेत आणि त्या एकाच पेटीत मिळतील या आशेने स्टुडिओवाले सर्वाधिक पैसे घालवतात, हे मी २२ वर्षे पाहत आलो आहे. आपल्याला वेगाचा त्रास रोज जाणवतो म्हणून तो मोठा वाटतो, पण त्याचा बराचसा भाग एक पैसाही न खर्चता सुटेल. पैसे लागतील ते प्रतींसाठी, कारण आज आपल्या ११ टेराबाइटमधल्या प्रत्येक फोटोची एकच प्रत अस्तित्वात आहे.

सुरुवात आजारी डिस्कपासून करू. तिच्यावर चेकडिस्क (विंडोजचे डिस्क-दुरुस्तीचे साधन) चालवू नका, डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइलींची फेरमांडणी) करू नका आणि विंडोजने ‘दुरुस्त करू का?’ असे विचारले तर नाही म्हणा. दुरुस्ती म्हणजे डिस्कवर पुन्हा लिहिणे आणि मोडकळीला आलेल्या डिस्कवर लिहिणे म्हणजे दुखऱ्या पायावर धावायला लावणे. प्रथम केबल बदलून पाहा, कारण पोर्टेबल डिस्कच्या चपट्या सॉकेटमध्ये केबल सैल होणे हा नेहमीचा प्रकार आहे. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन उघडून तीन ओळी वाचा : ०५, सी५ आणि सी६. पहिली ओळ बदली दिलेल्या खराब सेक्टरांची (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा), दुसरी संशयित सेक्टरांची आणि तिसरी वाचताच न आलेल्या सेक्टरांची असते. तिथले आकडे मूळ मांडणीत षोडशमान पद्धतीने दिसतात, म्हणजे १० लिहिले असेल तर ते सोळा समजावेत. सी५ शून्याहून जास्त असेल तर त्या डिस्कवरून सर्वांत मोलाचे फोल्डर आधी, मोठ्या फाइली नंतर, अशा क्रमाने प्रत काढायला घ्या आणि मध्येच अडखळणारी फाइल सोडून पुढे जा. डिस्कमधून ठरावीक लयीत टक्‌ टक्‌ असा आवाज येऊ लागला तर मात्र त्याच क्षणी केबल काढा, कारण तो आवाज म्हणजे वाचणारे डोके जागा शोधत परत परत आपटत असल्याची खूण असते. त्यानंतरचे काम डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेचे. बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचे सॉकेट थेट मूळ बोर्डावरच डाग दिलेले असते, त्यामुळे ‘आतली डिस्क काढून दुसऱ्या खोक्यात घालू’ हा गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याचा उपाय तिथे चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता खरेदी. आपण वर्षाला साधारण २५ लग्ने करता. एका लग्नात दोन कॅमेऱ्यांचे मिळून ३,००० फोटो धरले आणि २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) सरासरी २७ एमबीची धरली, तर एका लग्नाला ८१ जीबी आणि वर्षाला दोन टेराबाइट लागतात. म्हणून १८ टेराबाइटच्या साडेतीन इंची तीन हार्ड डिस्क घ्याव्यात, असे मी सुचवतो. एक रोजच्या कामाची, दुसरी स्टुडिओतली प्रत, तिसरी स्टुडिओबाहेरची प्रत. ही व्यवस्था तीन वर्षे पुरेल. दीड लाखांतला बहुतांश भाग इथेच जाईल. भाव सतत हलत असल्यामुळे मी आकडे देत नाही, पण रक्कम अपुरी पडली तर १६ टेराबाइटच्या घ्या. तीनऐवजी दोन मात्र घेऊ नका. ३-२-१ या नावाने ओळखला जाणारा नियम, म्हणजे तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या जागी, हा पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने रूढ केला. तो संगणक खात्यातून न येता आपल्याच धंद्यातून आला, याचे मला नेहमी बरे वाटते. दोन माध्यमांच्या अटीवर मी फारसा अडून बसत नाही. तीन प्रती आणि दोन जागा यांवर मात्र तडजोड नाही.

छोट्या आठ डिस्कऐवजी एक मोठी, हे अनेकांना धोक्याचे वाटते, कारण एक गेली की सगळे गेले. प्रती असतील तर हा आक्षेप उरत नाही आणि प्रती नसतील तर आठ डिस्कनी धोका कमी होत नाही, फक्त तो आठ वेळा येतो. बॅकब्लेझ ही कंपनी आपल्या लाखो डिस्कांच्या बिघाडांची आकडेवारी नियमित प्रसिद्ध करते आणि गेल्या काही वर्षांत तिथे वर्षाला शंभरांत एक ते दीडच्या आसपास डिस्क बंद पडल्या आहेत. तेही वातानुकूलित खोलीत, स्थिर विजेवर आणि न हलवता. आपल्या डिस्क मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात, जनरेटरच्या विजेवर आणि मोटारसायकलच्या डिकीत फिरतात.

डिस्क घेताना एक शब्द दुकानदाराकडून लेखी घ्यावा : सीएमआर. हार्ड डिस्कवर लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. सीएमआरमध्ये प्रत्येक पट्टा शेजारच्या पट्ट्यापासून मोकळा असतो. एसएमआरमध्ये पट्टे घरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त माहिती मावते, पण मधले एक कौल बदलायचे झाले की त्यावर चढलेली पुढची सगळी उचलून पुन्हा बसवावी लागतात. डिस्क हे काम लपवण्यासाठी थोडी राखीव जागा ठेवते आणि सुरुवातीचे काही जीबी झपाट्याने लिहून दाखवते. ती जागा भरली की वेग १२० एमबीवरून ३०–४० एमबीवर येतो आणि आपण केबलला दोष देत बसतो. २०२० मध्ये मोठ्या कंपन्यांनी काही मॉडेलांत ही पद्धत स्पष्टपणे न सांगता वापरल्याचे उघड झाले आणि त्यांत नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कही होत्या. दोन टेराबाइट आणि त्यावरच्या अडीच इंची पोर्टेबल डिस्क तर बहुतेक एसएमआरच असतात. एकदा भरून कपाटात ठेवायची असेल तर एसएमआर वाईट नाही; तिच्यावर रोज बदल करायचे असतील किंवा ती रेडमध्ये घालायची असेल तर टाळा.

या डिस्कना संगणकाच्या आत जागा असेल तर उत्तम, नसेल तर दोन डिस्कचे यूएसबी डॉक (खाचेत डिस्क उभी करून संगणकाला जोडण्याचा स्टँड) घ्या. इथे माझी एक चूक सांगतो. अशा डॉकवर बहुधा ‘क्लोन’ नावाचे एक बटण असते. संगणकाशिवाय पहिल्या खाचेतली डिस्क दुसरीवर हुबेहूब उतरवण्याची सोय. डॉक पुसताना, चालू असताना, माझे बोट त्यावर काही सेकंद राहिले. पहिल्या खाचेत नवी कोरी डिस्क होती आणि दुसऱ्यात एका गिऱ्हाईकाचे चार वर्षांचे काम. दिवे एकेक करून पेटू लागले तेव्हा मी ‘किती सुंदर’ म्हणून दोन-तीन सेकंद पाहतही राहिलो. तिसरी प्रत असल्यामुळे निभावले. तेव्हापासून माझ्याकडच्या प्रत्येक डॉकच्या त्या बटणावर काळी चिकटपट्टी आहे आणि प्रत काढण्याचे काम नसेल तेव्हा दोन खाचा एका वेळी भरलेल्या नसतात. आणखी एक : काही डॉक मोठ्या डिस्कचे सेक्टर आपल्या पद्धतीने मांडतात आणि मग ती डिस्क दुसऱ्या डॉकमध्ये कोरी दिसते. म्हणून फॉरमॅट केल्यावर दोन-चार फाइली टाकून डिस्क दुसऱ्या डॉकमध्ये किंवा थेट मदरबोर्डला जोडून वाचता येते का, हे डेटा भरण्याआधी पाहून घ्या. फॉरमॅट विंडोजचा एनटीएफएस ठेवा. एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोन्हींकडे चालतो खरा, पण त्यात केलेल्या बदलांची नोंदवही नसते आणि लिहिताना लाइट गेली तर फोल्डरांची यादीच बिघडू शकते. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नसल्यामुळे डेस्कटॉप आणि डॉक दोन्ही एका यूपीएसवर असावेत; ६०० व्हीएचा साधा यूपीएसही नीट बंद करण्यापुरती पाच-दहा मिनिटे देतो.

नवी डिस्क हातात आली की लगेच फोटो भरू नका. आधी तिचा पूर्ण पृष्ठभाग एकदा लिहून-वाचून तपासा. १८ टेराबाइट लिहायला सेकंदाला २०० एमबीच्या वेगाने २५ तास लागतात आणि वाचायला पुन्हा तेवढेच. तिन्ही डिस्कचा एक आठवडा त्यात जाईल, पण कारखान्यातून किंवा कुरियरच्या गाडीतून बिघडून आलेली डिस्क याच आठवड्यात कळते आणि बदलूनही मिळते.

मग स्थलांतर. जुन्या पोर्टेबल डिस्क सेकंदाला सरासरी १०० एमबी देतील असे धरले तर ११ टेराबाइटला तीस-एकतीस तास लागतात. चुकून जुन्या यूएसबी २ च्या सॉकेटला जोडल्यात तर तेच काम साडेतीन दिवसांवर जाते, म्हणून मागच्या बाजूचे निळे किंवा लाल सॉकेट पाहून जोडा. नुसते कॉपी-पेस्ट करू नका. टेराकॉपीसारख्या साधनात प्रत झाल्यावर मूळ फाइल आणि नवी फाइल यांचे हॅश जुळवण्याची सोय असते; ती चालू ठेवा. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला एक छोटा आकडा. फाइलमधला एक बिट बदलला तरी तो आकडा पूर्ण बदलतो. हे का सांगतो ते एका फोटोवरून कळेल. एका स्टुडिओत सप्तपदीचा फोटो उघडला तेव्हा वरच्या भागात मुंडावळ्या आणि भटजींचे उपरणे व्यवस्थित होते, आणि तिथून खाली एकसारखा राखाडी पट्टा. फाइलचे नाव, आकार, तारीख सारे बरोबर. ही फाइल तीन डिस्कवर होती आणि तिन्हीकडे तोच राखाडी पट्टा, कारण बिघडलेलीच प्रत पुढे दोनदा इमानेइतबारे उतरवली गेली होती. म्हणून वर्ष संपले की त्या वर्षाचे फोल्डर ‘बंद’ करा, त्याची हॅश यादी काढून त्यातच ठेवा आणि दर जानेवारीत बंद वर्षे त्या यादीशी ताडून पाहा. मशीन रात्रभर हे करते. आपण सकाळी फक्त न जुळलेल्या फाइली पाहायच्या आणि दुसऱ्या प्रतीवरून त्या बदलायच्या.

तिसरी डिस्क कुठे ठेवायची, हे सांगलीकराला वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आयर्विन पुलाखालची पातळी तासातासाला पाहत दुकानातले सामान माळ्यावर चढवण्याचा अनुभव आपल्याकडे घरोघर आहे. माळा म्हणजे दुसरी जागा नव्हे. विटा, जत किंवा पुणे, जिथे नातेवाईक असतील तिथे ती डिस्क फोम असलेल्या घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवा आणि तीन महिन्यांनी जाल तेव्हा स्टुडिओतल्या प्रतीशी अदलाबदल करा. मधल्या तीन महिन्यांचे नवे काम त्या गावी नसेल, त्यासाठी चालू वर्षापुरती दोन टेराबाइटची एक छोटी डिस्क घरी ठेवा. स्टुडिओतली प्रतही काम नसेल तेव्हा डॉकमधून काढून ठेवावी, कारण रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस, जोडलेले सगळे ड्राइव्ह कुलूपबंद करतो आणि फ्रीफाइलसिंकसारखे साधन आरशासारखे वापरले तर चुकून पुसलेले फोल्डर प्रतीवरूनही पुसते. त्या साधनात पुसलेल्या आणि बदललेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये राखून ठेवण्याचा पर्याय असतो, तोच निवडावा.

क्लाउडबद्दल थोडक्यात. ११ टेराबाइट १०० एमबीपीएसच्या अपलोडने अखंड चढवले तरी दहा दिवस लागतात आणि अनेक घरगुती फायबर योजनांत महिन्याला सुमारे ३.३ टेराबाइटची मर्यादा असल्यामुळे प्रत्यक्षात चार महिने. शिवाय भाडे कायमचे. पण गिऱ्हाईकाला दिलेले अंतिम जेपेग, एका लग्नाचे पाचशे धरले तर पाच जीबी, म्हणजे वर्षाला सव्वाशे जीबी, हे क्लाउडवर ठेवणे अगदी परवडते आणि मी ते आवर्जून करायला सांगतो. फक्त फोटो मूळ दर्जात चढत आहेत ना, हे सेटिंगमध्ये पाहा. गूगल फोटोजमधली मोफत अमर्याद जागा १ जून २०२१ पासून बंद झाली आणि त्याआधी ‘हाय क्वालिटी’ म्हणून चढवलेले फोटो आकुंचित केलेले आहेत, ही गोष्ट अनेकांना मोठी प्रिंट काढायला गेल्यावरच कळते.

आता रेड ५ आणि नॅस. रेड ५ मध्ये चारपैकी एक डिस्क बंद पडली तरी काम चालू राहते. त्याचा उपयोग एवढाच आणि तो दवाखान्यात किंवा बँकेत मोठा आहे. आपल्याला एक दिवस काम थांबले तर चालते, एक लग्न हरवले तर चालत नाही. चुकून पुसलेले, व्हायरसने कुलूप लावलेले, पाण्यात बुडालेले, चोरीला गेलेले, यांतले काहीही रेड परत देत नाही. सहा टेराबाइटच्या चार डिस्कमध्ये एक बदलली की उरलेल्या तिघींवरचे १८ टेराबाइट अथपासून इतिपर्यंत वाचून नवी डिस्क भरावी लागते. हे काम मोकळ्या नॅसवर दहा-बारा तास आणि वापरात असलेल्यावर त्याच्या कितीतरी पट चालते, आणि त्या काळात दुसरी डिस्क गेली तर सगळे गेले. चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतलेल्या असतील तर ही शक्यता वाटते तितकी दूरची नसते. मला नॅसचे वावडे नाही. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइल-पद्धती असलेल्या नॅसवर चेकसम (हॅशसारखा पडताळणीचा आकडा) आणि स्नॅपशॉट (त्या त्या वेळची जतन केलेली स्थिती) या दोन फार चांगल्या गोष्टी मिळतात आणि वर सांगितलेले जानेवारीचे काम तो आपोआप करतो. पण तो वरच्या तीन डिस्कनंतर यावा, त्यांच्याऐवजी नव्हे. दोन संगणकांवरून एकच संग्रह पाहायचा, हे नॅस घेण्याचे योग्य कारण आहे आणि पुढच्या वर्षी रक्कम जमली तर दोन डिस्कचा नॅस, २.५ गिगाबिटच्या जोडणीसह, घ्या. साध्या गिगाबिट केबलवर सेकंदाला ११०–११५ एमबीच्या पुढे जाता येत नाही. वायफायवर तर नॅस लावूच नका. एक अडचण आधीच सांगतो : लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉग नेटवर्कवरच्या ड्राइव्हवर उघडत नाही आणि एका वेळी एकाच माणसाला वापरता येतो. त्यामुळे नॅस घेतला तरी मूळ फोटो तिथे आणि कॅटलॉग आपापल्या संगणकावर, अशीच मांडणी राहील. बंधूंनी त्यांच्याकडचे लग्न स्वतंत्र कॅटलॉगमध्ये पूर्ण करावे आणि आपण ते ‘दुसऱ्या कॅटलॉगमधून आयात’ करून मुख्य कॅटलॉगमध्ये घ्यावे. हे आजही, नॅसशिवाय जमते.

वेगाकडे शेवटी येतो, कारण तो प्रश्न आपण समजता त्या जागी नाही. २७ एमबीची एक रॉ फाइल १०० एमबीच्या डिस्कवरून पाव सेकंदात वाचून होते. मग उरलेले तीन सेकंद कुठे जातात? एक तर पोर्टेबल डिस्क दर काही मिनिटांनी झोपते आणि जागी होऊन फिरायला वेळ घेते. दुसरे, कॅटलॉग आणि त्याशेजारचे प्रिव्ह्यूंचे (आधी बनवून ठेवलेल्या झलक-चित्रांचे) फोल्डर म्हणजे हजारो बारीक फाइली. हार्ड डिस्कला सलग वाचायला आवडते, ठिकठिकाणी उड्या मारायला लावले की ती सेकंदाला शंभरेक उड्यांतच दमते. तिसरे, प्रिव्ह्यू आधी तयार नसेल तर प्रोसेसर तो त्या क्षणी बनवायला घेतो. म्हणून एक प्रयोग करा. एका लग्नाचा कॅटलॉग आतल्या एसएसडीवर आणा, फोटो जिथे आहेत तिथेच राहू द्या, रात्री झोपताना सगळे १:१ (पूर्ण आकाराचे) प्रिव्ह्यू बनवायला लावा आणि सकाळी निवड करून पाहा. बहुधा नव्या संगणकाचा विचार आपण स्वतःच पुढे ढकलाल. ५१२ जीबी पुरणार नाहीत, म्हणून एक टेराबाइटची एनव्हीएमई (अधिक वेगवान जोडणीची) एसएसडी फक्त कॅटलॉग, प्रिव्ह्यू आणि कॅमेरा रॉच्या कॅशसाठी (तात्पुरत्या साठ्यासाठी) घ्या. कॅशची मूळ मर्यादा फार कमी असते, ती ५० जीबीपर्यंत वाढवा. टीएलसी प्रकारची (एका पेशीत तीन बिट ठेवणारी) एसएसडी घ्या. स्वस्त क्यूएलसीत (चार बिट ठेवणारीत) सुरुवातीचा वेग दिपवणारा असतो आणि ८० जीबीचे लग्न उतरवताना मध्येच ती हार्ड डिस्कच्याही खाली येऊ शकते. रॅम ३२ जीबी करा. ग्राफिक्स कार्ड मात्र तेव्हाच घ्या जेव्हा आपण लाइटरूममधले एआय डीनॉइझ, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा काढण्याची सोय, रोज वापरता. एप्रिल २०२३ मध्ये आलेली ही सोय जवळजवळ सगळी ग्राफिक्स कार्डावर चालते आणि जुन्या कार्डावर एका फोटोला काही मिनिटे घेते. स्मार्ट प्रिव्ह्यू (मूळ फोटोंच्या छोट्या प्रतिकृती), ज्यांची लांब बाजू सुमारे अडीच हजार पिक्सेलची असते, बनवून ठेवलेत तर डिस्क न जोडताही रंगांचे काम लॅपटॉपवर करता येते, हा प्रवासातला माझा आवडता उपाय आहे.

जुना संग्रह एसएसडीवर नेण्याचा पर्याय मी सरळ नाकारतो. खर्च बाजूला ठेवला तरी एसएसडी माहिती विद्युतभाराच्या रूपात ठेवते आणि वीज न मिळता पडून राहिली की तो भार हळूहळू झिरपतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडीने तिचे लेखन-आयुष्य संपल्यावरही ३० अंश सेल्सिअसला, विजेशिवाय, एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. नवी एसएसडी याहून बरेच जास्त टिकवते, पण आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बंद कपाटात ३० अंश ही दुपारची नव्हे, पहाटेची गोष्ट असते. ‘१६ टेराबाइट एसएसडी’ म्हणून ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळणाऱ्या वस्तू तर नकली असतात. आतले मेमरी कार्ड ६४ किंवा १२८ जीबीचे असते आणि त्यापुढचे लेखन जुन्यावरच होत राहते.

आपण शेवटी विचारले आहे की न निवडलेले फोटो पुसून जागा वाचवावी का. हिशेबाने पाहिले तर वाचवावी. पण माझ्याकडे एकदा एक बाई आल्या, हातात अकरा वर्षांपूर्वीच्या अल्बमची पिशवी. वडील वारले होते, तेराव्याला लावायला फोटो हवा होता आणि अल्बमात ते प्रत्येक ठिकाणी कोणाच्या तरी खांद्याआड होते. आम्ही त्या लग्नाचे सगळे फोटो काढले आणि न दिलेल्यांमध्ये, जेवणाच्या पंगतीत, आग्रहाला नको म्हणत हसणारे ते सापडले. मागे पाण्याचा जार आणि बाजूला अर्धवट दिसणारा वाढपी, म्हणूनच तो फोटो निवडला गेला नव्हता. त्यानंतर मी अंगावर आलेले फ्लॅश, हललेले आणि चुकून जमिनीचे काढलेले एवढेच पुसतो. डिस्कची जागा माझ्या निवडत बसण्याच्या तासांपेक्षा स्वस्त आहे. मात्र असा फोटो सापडायला हवा, म्हणून फोल्डरचे नाव वर्ष, महिना, दिवस, मग आडनाव आणि गाव या क्रमाने ठेवा, ते रोमन लिपीत आणि मोकळी जागा न सोडता लिहा, आणि वर्षावार अनेक कॅटलॉगांऐवजी सगळ्याचा एकच कॅटलॉग हळूहळू उभा करा; शोध एका वेळी एकाच कॅटलॉगमध्ये चालतो. बदल एक्सएमपी (फोटोसोबतच्या छोट्या नोंदींच्या) फाइलींमध्ये आपोआप लिहिण्याचा पर्याय चालू ठेवा, म्हणजे उद्या कॅटलॉग बिघडला किंवा डार्कटेबल, डिजिकॅमसारख्या मोफत साधनांकडे वळलात तरी तारांकन आणि शब्दखुणा फोटोंसोबत जातील. रंगांचे काम मात्र दुसऱ्या साधनात जसेच्या तसे उघडेल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि कलेक्शन व आभासी प्रती एक्सएमपीत जात नाहीत, म्हणून कॅटलॉगचीही प्रत दर आठवड्याला दुसऱ्या डिस्कवर घ्याच.

मेमरी कार्डाचा नियम आपण पाळत असालच, तरी लिहितो : एका लग्नाचे फोटो दोन वेगळ्या डिस्कवर उतरून हॅश जुळेपर्यंत कार्ड फॉरमॅट होणार नाही, मग दुसऱ्या दिवशी पहाटे हळद का असेना. दोन कार्डे जास्तीची घ्या.

जुन्या आठ डिस्क स्थलांतर झाल्यावर लगेच रिकाम्या करून वापरात आणण्याचा मोह होईल. निदान जानेवारीतली पहिली पडताळणी होईपर्यंत त्यांना हात लावू नका. वर्ष लिहिलेली चिठ्ठी चिकटवून एका डब्यात ठेवा. आजारी डिस्कवर लाल पट्टी लावा आणि त्याच चिठ्ठीवर शेवटच्या दिवशीचा सी५ चा आकडा लिहून ठेवा, म्हणजे कोणी ‘ही चालते अजून’ म्हणत तिच्यावर नवे लग्न उतरवणार नाही.